पुरवणीची गाठ

सर,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि मी अजून रडले नाही. लोकांना वाटतंय, वकीलबाई मनाची घट्ट आहे. घट्ट कसली डोंबलाची! डोळ्यात पाणी यायच्या आधीच डोक्यात जाळ होतो आणि मंग रडणं तिथंच वाळून जातं. हे लिहायला बसले तेही तुमचे गुण गायला नाही. ते काम जालन्यातल्या सगळ्या माईकवर होऊन गेलं. मला भांडायचंय. आधी त्यांच्याशी, आणि त्यांचं उरकलं की तुमच्याशी.

तुमच्या जलदानविधीच्या दिवशी माईंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. बाहेर गाथा संपत आल्या होत्या, ओटा पांढऱ्या साड्यांनी भरला होता, कुणीतरी पत्रावळ्या मोजत होतं. माईंनी कपाटाच्या वरच्या फळीवरनं एक फाईल काढली आणि पदरानं पुसून माझ्या मांडीवर ठेवली.

"ह्या फायलीला हात लावू नको म्हनायचे," त्या म्हणाल्या. "आन सुजाताला तर बिलकुल दाखवू नको म्हनायचे. आता ते न्हाईत. मी काय कायद्याची बाई न्हाई. पर तुझं नाव हाय बाई ह्याच्यात. मंग तुझीच हाय ती."

सर, चाळीस वर्षांच्या संसारात माईंनी तुमची एकच आज्ञा मोडली असेल. बराबर मोडली.

फाईलमध्ये काय होतं ते सांगते, पण त्याच्या आधी एक जुनं भांडण काढते. तुम्हाला टाळायची सवय होती, आता टाळता येणार नाही.

पहिल्या वर्षाला मी मंठ्याहून एसटीनं यायचे. सगळ्यात मागच्या बाकावर बसायचे आणि तोंड उघडायचे नाही, कारण तोंड उघडलं की 'आल्ते, गेल्ते' बाहेर पडायचं आणि पोरी हसायच्या. तुम्ही हजेरी घेताना प्रत्येकाला वकीलसाहेब म्हणायचा. कायद्याचं अक्षर न वाचलेल्या पोराटोरांना वकीलसाहेब! मला म्हणालात, "वकीलसाहेब, कलम चौदा म्हणजे काय?" मी आपलं पाठ केलेलं पुस्तकी मराठीत म्हटलं. तुम्ही खडू खाली ठेवला. "हे पुस्तकातलं झालं. तुमच्या गावातलं सांगा." मी जे सांगितलं ते अख्ख्या वर्गाला आठवत असेल. मी म्हणाले, "आमच्या गावात नळ आल्ता, पर तो आमच्या वस्तीच्या आधीच्या घरापस्तोर येऊन थांबला. कलम चौदा म्हन्जे तो फुडं आला पायजे." कुणी हसलं नाही. तुम्ही फळ्याकडं वळलात आणि हे वाक्य जसंच्या तसं, 'पर'सकट आणि 'फुडं'सकट, फळ्यावर लिहिलंत.

आणि महिन्याभरानं त्याच नळावरनं माझा जीव घेतलात. अभिरूप न्यायालयाच्या त्या लुटुपुटूच्या खटल्यात तुम्ही तोच नळ घातला आणि मला कुठली बाजू दिलीत? ग्रामपंचायतीची! ज्यांनी पाईप अडवला त्यांची! मी सरळ स्टाफरूममध्ये आले. म्हणाले, "सर, मी हे करणार न्हाई. ही माणसं मी रोज बघते."

"म्हणूनच तुला दिलंय," तुम्ही म्हणालात आणि पेपर तपासत राहिलात.

मी केलं. पाण्याचा दाब पुरत नाही, वस्ती उंचावर आहे, पुढच्या योजनेत घेऊ, कुणावर अन्याय करायचा हेतू नाही, सगळं गाव एकच आहे. असं काही बोलले की सगळ्यांनी माना डोलावल्या. मी जिंकले. आणि जिंकून कॉलेजच्या मागच्या लिंबाखाली जाऊन भडाभडा ओकले. तुम्ही तांब्या घेऊन आलात. मी चूळ भरेपर्यंत उभे राहिलात, मंग म्हणालात, "आता त्यांचं पुढचं वाक्य तुला त्यांच्या आधी ठाऊक असेल. लई कामाचं असतं ते."

तेव्हा मला तुमचा राग आला होता. चार दिवसांपूर्वी त्याचा उपयोग झाला. सांगते.

तुम्ही प्राचार्य का झाला नाहीत, हे कोडं आम्हा विद्यार्थ्यांना कधी सुटलं नाही. संविधान शिकवणारा तुमच्यासारखा माणूस आमच्या भागात दुसरा नव्हता. ज्येष्ठतेत तुम्ही पहिले. आणि तरी संस्थेचे सचिव आप्पासाहेब यांचा मेहुणा वर्षानुवर्षं 'प्रभारी' म्हणून त्या खुर्चीत. तुम्ही त्याच्या केबिनबाहेरच्या बाकावर रजेचा अर्ज घेऊन बसलेले मी बघितलेत, सर. ज्या पोरांना तुम्ही समान संधी शिकवली, ती पोरं तुमच्या समोरनं जायची आणि तुम्ही त्यांना हसून विचारायचा, "काय वकीलसाहेब, अभ्यास काय म्हणतो?" माझा तर जळफळाट व्हायचा.

वकील झाल्यावर मी एकदा तुम्हाला गाठलंच. शहागडला शाळेत संविधान दिनाचं तुमचं भाषण होतं, मी गाडी घेऊन आल्ते. परतताना पुलाच्या अलीकडं हायवेच्या टपरीवर चहाला थांबलो. बाजूनं ट्रक चाललेले, बोलणं ओरडून करावं लागत होतं. तरी मी विचारलं.

"सर, तुम्ही कोर्टात का जात न्हाई? याचिका मी लिहिते. फुकट लिहिते. त्या आप्पासाहेबाला संभाजीनगरच्या खंडपीठात उभा करते आणि घाम फोडते."

"म्हणजे तुला सूड पाहिजे."

"मंग? नको?"

"सूड वेगळा, न्याय वेगळा."

"काय फरक आहे हो? समोरचा पडलाच पाहिजे, दोन्हीत."

तुम्ही बशीत चहा ओतलात. "फरक एवढाच, की न्यायात समोरच्याला बोलू द्यावं लागतं. त्याची बाजू ऐकल्याशिवाय कुणाला दोषी धरायचं नाही. मंग तो किती का हलकट असेना."

"बरं, त्याला बोलू देऊ. मंग पाडू. चालेल?"

तुम्ही मोठ्यानं हसलात. "चहा पी. निवतोय." आणि विषय तिथंच पडला. मला वाटलं, सर भित्रे आहेत. हो, वाटलं. आज कबूल करते, कारण आता समजतंय की मी कुणाला भित्रं म्हणत होते.

आता फाईल.

पहिलाच कागद ज्ञापन, संस्थेनं जाब विचारणारं. 'आपण अंतर्गत परीक्षेत एका विशिष्ट विद्यार्थिनीचे चौदा गुण खाडाखोड करून वाढविले. सदर विद्यार्थिनी आपल्या समाजाची आहे.' खाली आप्पासाहेबांची सही. आणि त्या विद्यार्थिनीचं नाव, सर, माझं होतं.

मी ती ओळ तीनदा वाचली. बाहेर जेवणाच्या पंगती बसत होत्या, कुणीतरी 'सुजाताताई, वाढायला या' म्हणून हाक मारत होतं. मी पान उलटलं.

दुसऱ्या कागदावर माझं अक्षर. दुसऱ्या वर्षाच्या पेपरातली पुरवणी, तिची झेरॉक्स. समासात तुमची तांबडी शाई: 'ही पुरवणी दोरा सुटल्याने गठ्ठ्याच्या तळाशी सापडली. वाचली. पंधरापैकी चौदा.' आणि तुम्ही प्रत्येक गुणाला कारण लिहायचाच. म्हणायचा, न्यायाधीशाला कारण द्यावं लागतं तर मास्तरला का नको? तसं खाली कारण होतं: 'पहिली बाजू उत्तम मांडली. दुसरी बाजू ऐकून घेतली नाही. एक गुण कमी.'

म्हणजे ज्या प्रश्नाचे गुण वाढवले म्हणून तुमच्यावर आळ घेतला, त्याच प्रश्नाचा तुम्ही माझा एक गुण कापला होता. हसू का रडू, सांगा.

तो दिवस मला लख्ख आठवतो. शेवटच्या दोन प्रश्नांना मी एकेक पुरवणी घेतली होती. घंटा झाली तरी लिहितच होते. सुपरवायझर बाई डोक्यावर येऊन उभ्या राहिल्या, "चला, चला, बांधा जल्दी." मी एक पुरवणी नीट बांधली. दुसरीला दोरा ओवला, एक वेढा दिला आणि ओढला. गाठ मारली नाही, सर. वेळ नव्हता. एवढंच. ती सुटली, गठ्ठ्याच्या तळाशी गेली, तुम्हाला नंतर सापडली, तुम्ही गुणांची बेरीज दुरुस्त करून सही केलीत. चोरी काय केलीत? एका पोरीची न बांधलेली गाठ तुम्ही निस्तरलीत, आणि त्याच्यापायी तुमची खुर्ची गेली.

तिसरा कागद मात्र मी उजेडात धरून वाचला. परीक्षेच्या दिवशीच्या नोंदवहीच्या पानाची खरी नक्कल. 'पुरवण्या: दोन', पुढं माझी सही, सुपरवायझरची सही. हुकमाचं पान होतं सर हे! चौकशी समितीपुढं टाकलं असतं तर पाच मिनिटांत सगळे तोंड लपवून पळाले असते. तुम्ही ते मिळवलंत, घडी घालून ठेवलंत, आणि दाखवलं नाहीत.

का, ते चौथ्या कागदात होतं. समितीनं लिहिलं होतं की आपल्याला बचाव करायचा असल्यास विद्यार्थिनीस साक्षीला बोलवावं लागेल आणि तोवर तिचा निकाल राखून ठेवण्यात येईल. आणि खाली तुमचं उत्तर, दोनच ओळी: 'संबंधित विद्यार्थिनीस या प्रकरणात बोलावू नये. ठपका मला मान्य आहे.'

त्या वर्षी माझ्या दादांनी घरात सांगितलं होतं, निकाल अडला की लग्न. परतूरचं स्थळ बघून झालं होतं. हे मी कुणाला बोलले नव्हते, फक्त एकदा माईंजवळ, ज्वारी निवडता निवडता. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही हिशोब केलात की पोरीचं एक वर्ष की आपली खुर्ची, आणि गप्प बसलात. सेवापुस्तिकेत ठपका लागला, प्राचार्यपद गेलं, आणि मी पास होऊन पेढे घेऊन तुमच्याच घरी आल्ते. तुम्ही दोन पेढे खाल्लेत! माईंनी टोकलं होतं, "साखर वाढंल," तरी दुसरा उचललात.

आता तुमच्याशी भांडण. ऐका.

आयुष्यभर काय शिकवलंत आम्हाला? ऐकून घेतल्याशिवाय कुणाबद्दल निर्णय करायचा नाही. मंग माझा निर्णय मला न ऐकता कसा केलात? त्या अख्ख्या चौकशीत एकच साक्षीदार होता, तो मी. समितीनं मला बोलावलं नाही, वर निकाल राखायचा धाक दाखवला, ते हलकट होते, समजलं. पण तुम्हीही बोलावलं नाहीत! तुम्हाला वाटलं, पोरगी लहान आहे, मोडेल. मोडलेही असते. खोटं कशाला बोलू, कदाचित तुमच्या पाया पडून म्हणाले असते, सर, गप्प राहा, माझं लग्न लावून देतील. पण ते मी म्हणायचं होतं. तुम्ही माझ्या वाटचं बोलून मोकळे झालात आणि वर 'दुसरी बाजू ऐकून घेतली नाही' म्हणून माझा एक गुण कापलात. तो गुण मी आज परत मागते. कापायचाच असेल तर तुमचा कापा.

असो. तुमच्यावरचा राग हा असा आहे, की तुम्ही दारात आलात तर आधी भांडेन आणि मंग तुमच्यासाठी चहा टाकेन. त्यांच्यावरचा तसा नाही.

सातव्या दिवशी कॉलेजात शोकसभा झाली. तुमच्या फोटोपुढं मेणबत्त्या, फुलं. मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले. आप्पासाहेब बोलायला उठले आणि सर, तुमचा तो लिंबाखालचा मंत्र खरा निघाला. मला प्रत्येक वाक्य त्यांच्या आधी येत होतं. मी मनात म्हणाले, आता हा 'चालतंबोलतं संविधान' म्हणणार. म्हणाले. आता 'पदाचा मोह नव्हता' येणार. आलं. 'आम्ही किती आग्रह केला, पण सरांनी प्राचार्यपद नम्रपणे नाकारलं.' हे आलं तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या माईंनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली.

मंग त्यांनी शोकप्रस्ताव वाचला. 'सरांची निष्कलंक आणि निःपक्षपाती सेवा संस्था कधीही विसरणार नाही.' सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मीही राहिले. दोन मिनिटं मी एकाच शब्दाकडं बघत होते. निष्कलंक! त्याच्याखाली आप्पासाहेबांची सही होणार होती, ज्ञापनावर होती तीच.

सभा संपल्यावर मी हात जोडून पुढं गेले. "आप्पासाहेब, प्रस्तावाची एक नक्कल द्या ना. सही-शिक्क्यासकट. माईंना फ्रेम करायचीय." माणूस विरघळला हो. तिथल्या तिथं सही केली, शिक्का मागवला. म्हणाले, "ताई, तुम्ही सरांच्या खऱ्या मानसकन्या." मी खोटं बोलले नाही, सर. फ्रेम होणारच आहे. आधी कोर्टाच्या कागदांना जोडून झाली की.

दुसऱ्या दिवशी मी त्या परीक्षेच्या नोंदवहीची नक्कल मागणारा अर्ज दिला. आमच्याकडं पान आहे, पण आधी त्यांना विचारावं लागतं. दहाव्या दिवशी, म्हणजे कालच, त्यांचं बोलावणं आलं. त्यांच्या बैठकीत पंखा फिरत होता, सुपारी कातरत बसले होते.

"ताई, जुनी रजिस्टरं वाळवीनं खाल्ली."

हे वाक्य मला ठाऊक होतं. पान माझ्या पर्समध्ये होतं. मी म्हणाले, "बरं."

"आन कशाला उकरता? सर गेले बिचारे. त्यांच्या आत्म्याला शांती मिळू द्या."

"सर आत्मा मानत नव्हते."

सुपारी थांबली. "सरकारी वकिलाच्या यादीत तुमचं नाव चाललंय म्हणे. चांगलं झालं. पर हे प्रकरण निघालं, तर बोट सरांच्याकडं न्हाई, तुमच्याच मार्काकडं जाईल. लोक म्हनतील, ही बाई वाढीव गुणांवर वकील झाली. मी तुमच्या भल्याचं सांगून राह्यलो."

त्यांना बराबर ठाऊक आहे कुठं दाबायचं. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी तुमची हीच नस दाबली होती: पोरीचं नुकसान होईल. तेव्हा तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात. आता त्यांना वाटतंय मी माझ्यासाठी गप्प बसेन.

मी उठले. म्हणाले, "आप्पासाहेब, बोट येऊ द्या. माझंच आहे ते बोट. त्यानंच दोरा बांधला होता."

घरी आले आणि बसून प्रतिज्ञापत्र लिहिलं. मी, अमुक अमुक, राहणार मंठा, हल्ली जालना, सत्य प्रतिज्ञेवर सांगते, की दोन पुरवण्या मी घेतल्या होत्या, दुसरीचा दोरा मी नीट बांधला नव्हता, तो दोष माझा आहे, सरांचा नाही. ही एक ओळ लिहायला मला चौदा वर्षं मिळाली नाहीत, कारण कुणी विचारलंच नाही. यादीवाल्यांनाही आजच कळवलं, म्हणजे नंतर कुणी लपवलं म्हणायला नको. नाव गेलं तर गेलं. ग्रामपंचायतीची बाजू मांडून मी एकदा ओकलेय, परत ओकायची नाही.

माईंना सगळं वाचून दाखवलं, कारण खटला त्यांच्या नावानं जाणार. विचारलं, "माई, सरांना हे आवडलं नसतं. तरी करू?"

"त्यास्नी कारल्याची भाजी बी आवडत नव्हती," माई म्हणाल्या. "मी करत होते. कुठं सही करू?"

आणि सर, तुमचा नियम मी मोडला नाही. ठपका रद्द करा आणि सरांना दिलेला त्रास लेखी कबूल करा, नाहीतर खंडपीठात या, अशी नोटीस काढलीय. खाली लिहिलंय, आपली बाजू मांडण्यास पंधरा दिवसांची मुदत देण्यात येत आहे. तुम्हाला त्यांनी पाच मिनिटं दिली नाहीत, मी त्यांना पंधरा दिवस देतेय. या पंधरा दिवसांत त्यांनी रोज पोस्टमनकडं बघावं, रोज सुपारी कातरताना हात थांबावा, ही माझी मनापासनं इच्छा आहे. शहागडच्या टपरीवर तुम्ही सूड आणि न्यायातला फरक सांगितला होता. मला आता त्या पंधरा दिवसांएवढाच फरक दिसतोय.

सगळे कागद एकत्र केलेत. ज्ञापन, पुरवणी, नोंदवहीचं पान, तुमच्या दोन ओळी, निष्कलंकवाला प्रस्ताव, आणि सगळ्यात वर माझं प्रतिज्ञापत्र. डाव्या कोपऱ्यात भोक पाडून पांढरा दोरा ओवला, परीक्षेत असतो तसलाच. दोन वेढे दिले. गाठ मारली, तिच्यावर अजून एक मारली. मंग दोन्ही हातांनी ओढून बघितली, सर.

सुटत न्हाई.